चार पावसाळे जास्त

वय वाढले की शहाणपण आपोआप येते, हा समज मराठी समाजात इतका खोल रुजलेला आहे की त्याच्या बाजूने आणि विरुद्ध अशी दोन्ही प्रकारची वाक्ये भाषेने आधीच तयार करून ठेवली आहेत. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे बाजूचे वाक्य आणि ‘साठी बुद्धी नाठी’ हे विरुद्ध बाजूचे. पहिले वाक्य बोलणारा ते नेहमी स्वतःविषयी बोलतो आणि दुसरे शेजाऱ्याविषयी, त्यामुळे या दोन वाक्यांत भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा या तालुक्याच्या गावी ही दोन्ही वाक्ये एकाच ओट्यावर, बहुधा एकाच तोंडून, अर्ध्या तासाच्या अंतराने ऐकू येतात. ते तोंड ज्या सामाजिक प्रकारातील गृहस्थाचे असते, त्यास येथे ‘जाणते काकाजी’ असे म्हटले आहे. वऱ्हाडात वडीलधाऱ्या पुरुषास, तो सख्खा काका असो वा नसो, ‘काकाजी’ म्हणण्याची रीत आहे. ती पदवी समाज देतो, तर ‘जाणते’ ही पदवी ज्याची त्याने स्वतःस दिलेली असते.

जाणते काकाजी सकाळी चहाच्या हॉटेलातील बाकावर, दुपारी कृषी केंद्रातील, म्हणजे बी-बियाणे, खते व औषधे विकणाऱ्या दुकानातील, एकुलत्या एका खुर्चीवर आणि संध्याकाळी घरासमोरच्या ओट्यावर आढळतात. कृषी केंद्रातील ती खुर्ची वस्तुतः गिऱ्हाइकासाठी ठेवलेली असते, परंतु काकाजी काही विकत घेत नसल्यामुळे ती रिकामी होण्याचा प्रसंग येत नाही. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि हातात तंबाखू-चुन्याची डबी असा त्यांचा वेश असतो. तरुण मंडळी खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला वऱ्हाडी तोबरा, खातात याबद्दल त्यांना मनापासून खेद वाटतो आणि तो व्यक्त करण्यापूर्वी ते डबीतील तंबाखू दाढेखाली ठेवून घेतात. पूर्वी त्यांचा वावर गावापुरता असे. परंतु २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्र शासनाने पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केल्यामुळे दारव्ह्याचा सल्ला आता यवतमाळपर्यंत विनामूल्य पोहोचतो. या सवलतीसाठी वाहकास केवळ वयाचा पुरावा दाखवावा लागतो, शहाणपणाचा नाही, आणि ही गोष्ट काकाजी आपल्या भूमिकेस मिळालेली शासकीय मान्यता समजतात.

काकाजी शहाणपण पावसाळ्यांत मोजतात, आणि या मापाची थट्टा करण्यापूर्वी त्यामागचा आधार पाहिला पाहिजे. दारव्हा तालुक्यातील शेती मुख्यत्वे कोरडवाहू, म्हणजे विहिरी-कालव्यांपेक्षा पावसाच्या भरवशावर चालणारी, आणि पिके कापूस, सोयाबीन व तूर ही. अशा मुलखात ज्याने अधिक पावसाळे पाहिले त्याने अधिक दुष्काळ, अधिक दुबार पेरण्या आणि अधिक कर्जे पाहिली, हे उघड आहे. ज्याला १९७२चा दुष्काळ आठवत होता, त्याला कोणत्या विहिरीने अखेरपर्यंत तग धरला हेही आठवत होते, आणि ही माहिती कोणत्याही कचेरीत मिळत नव्हती. शिवाय स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाच्या आरंभी भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, त्यामुळे साठी ओलांडलेला माणूस ही आळीतील दुर्मीळ चीज असे आणि तिचा मान राखणे शहाणपणाचे ठरे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीच्या वरच्या लोकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे प्रत्येक दहा माणसांमागे एक सल्लागार उपलब्ध झाला, परंतु सल्ला ऐकणारांची संख्या त्या प्रमाणात वाढवण्याची कोणतीही योजना अद्याप आखली गेलेली नाही.

काकाजींच्या कार्यपद्धतीचे खरे दर्शन जूनच्या पहिल्या आठवड्यात घडते. मृग नक्षत्र लागते, पंचांगात त्या नक्षत्राचे वाहन दिलेले असते, आणि ते बेडूक वा म्हैस असेल तर पाऊस भरपूर, असा संकेत असतो. दुसरीकडे कृषी विभाग व कृषी विद्यापीठ पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये असे दरवर्षी सांगतात, कारण पहिल्या सरीवर पेरले आणि पावसाने दडी मारली तर उगवलेले कोंब करपतात व बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. यालाच दुबार पेरणी म्हणतात. या दोन मतांमध्ये अडकलेला तरुण शेतकरी काकाजींपुढे येऊन “काकाजी, पेरू काय?” असे विचारतो, तेव्हा काकाजी आभाळाकडे पाहतात, डबी उघडतात, डबी मिटतात आणि म्हणतात, “पेर ना, पन घाई नोको करू.” या वाक्याचे बारकाईने परीक्षण केल्यास असे दिसते की पेरणारा आणि न पेरणारा असे दोघेही काकाजींचाच सल्ला पाळत असतात, आणि पाऊस येवो वा न येवो, दोहोंपैकी एकाने तो मोडल्याचे सिद्ध करता येते. पुढे ऑगस्टमध्ये निकाल स्पष्ट झाल्यावर काकाजी “मी तं तवाच म्हटलं होतं” असे जाहीर करतात, आणि यात ते खोटे बोलत नाहीत, हे विशेष आहे.

या ‘तवाच म्हटलं होतं’ला मानसशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. बारुख फिशहॉफ या संशोधकाने १९७५ साली प्रयोगाने दाखवले की एखाद्या घटनेचा शेवट कळल्यानंतर माणसाला तो शेवट आधीपासूनच अटळ वाटू लागतो आणि आपल्याला तो ठाऊक होता अशी प्रामाणिक समजूत होते. या दोषास पश्चातदृष्टीचा दोष म्हणता येईल. तो सर्व वयांच्या माणसांत असतो, परंतु ज्याच्यापाशी मागे वळून पाहण्यासाठी सत्तर वर्षे आहेत, त्याला तो वापरण्यास जागाही अधिक मिळते. काकाजींच्या स्मरणवहीत बरोबर ठरलेल्या भाकितांची पाने चिकटवलेली असतात. चुकलेल्यांची पाने कोणी फाडलेली नाहीत, ती मुळात लिहिलीच गेली नाहीत.

शेतीपुरते थांबणे काकाजींच्या स्वभावात नाही. मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी, जी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली कापसाच्या वाहतुकीसाठी उभी राहिली, ती पुन्हा केव्हा धावणार याविषयीही त्यांचे मत निश्चित असते, आणि ते मत गेली काही वर्षे ‘औंदा’ असे आहे. त्या गाडीचे १९२१ साली मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत सेवेत होते, असे काकाजी अभिमानाने सांगतात व जुने ते सोने हा निष्कर्ष काढतात, सत्तरी ओलांडल्यामुळे इंजिनाचा वेग वाढला होता काय, असा प्रश्न एखाद्या आगाऊ पोट्ट्याने केल्यास त्याला “काहून बे, मले शिकवतं काय?” एवढेच उत्तर मिळते. वऱ्हाडात ‘पोट्टे’ म्हणजे पोरगे, आणि काकाजींच्या परिभाषेत पन्नाशीच्या आतील सर्व पुरुषांचा त्यात समावेश होतो, मग त्यांपैकी एखादा तहसीलदार का असेना.

वयाचा आणि शहाणपणाचा संबंध खरोखर किती, हे तपासण्याचा मोठा प्रयत्न बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस, उर्सुला श्टाउडिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी लोकांपुढे जीवनातील अवघड प्रसंग ठेवले आणि उत्तरांना पाच निकषांवर गुण दिले: माणसांविषयीचे ज्ञान, मार्ग काढण्याचे ज्ञान, परिस्थितीचे भान, इतरांची मूल्ये वेगळी असू शकतात याची जाण आणि अनिश्चिततेचा स्वीकार. पंधरा वर्षांची एक मुलगी तातडीने लग्न करू इच्छिते, तर कोणत्या गोष्टींचा विचार करावा, असा त्यांतील एक प्रश्न होता. निष्कर्ष असा निघाला की विशीपासून पंचाहत्तरीपर्यंत वय आणि या गुणांचा फारसा संबंध आढळत नाही. वृद्धांना अधिक गुण मिळाले नाहीत आणि कमीही मिळाले नाहीत. हाच प्रश्न दारव्ह्याच्या ओट्यावर मांडल्यास उत्तर विचार करण्याआधीच येईल आणि तेही प्रश्नाच्या रूपात येईल: “पोरगी कोनाची?” ही चौकशी पूर्ण होईपर्यंत अंधार पडतो आणि मूळ प्रश्न दुसऱ्या दिवसावर जातो, ज्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न लांबते, या अर्थाने काकाजींची पद्धत अगदीच निष्फळ म्हणता येत नाही.

भारतीय परंपरेनेही वयाला सरसकट शरण जाण्याचे नाकारलेले आहे. महाभारतातील पोरवयाचा अष्टावक्र जनकाच्या दारावर अडवला जातो, तेव्हा केवळ केस पिकल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, ही बाजू मांडूनच तो आत प्रवेश मिळवतो. मराठी मनाला अधिक जवळची कथा चांगदेवांची: योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या या सिद्धाला ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना सुचला नाही, कारण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा, हे ठरेना, अखेर त्याने कोरा कागद पाठवला, आणि त्यावर मुक्ताबाईने, एवढी वर्षे जगून हा कोराच राहिला, असा अभिप्राय दिल्याची आख्यायिका आहे. त्या कागदाचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ‘चांगदेव पासष्टी’ रचली आणि पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू मानले. चौदाशे पावसाळ्यांच्या माणसाने पोरसवदा मुलीपुढे नमते घेतले, ही कथा काकाजी कीर्तनात दरवर्षी मान डोलावत ऐकतात आणि तिचा उपदेश शेजारी बसलेल्या दुसऱ्या काकाजींसाठी आहे, असे समजतात.

तरीही काकाजींचा अनुभव खोटा असतो असे म्हणता येणार नाही. अडचण अशी की अनुभवाला जन्मतारीख असते तशी मुदतही असते. याचे ठळक उदाहरण फरदड हे होय. कापसाची नेहमीची वेचणी आटोपल्यावर पऱ्हाटी न उपटता तिला पाणी-खत देऊन पुढचे काही महिने आणखी कापूस घेण्याच्या प्रकाराला फरदड म्हणतात, आणि एके काळी तिने अनेक घरांना उन्हाळ्यात चार पैसे मिळवून दिले. परंतु २००२ साली आलेल्या बीटी कापसाच्या प्रतिकारशक्तीला गुलाबी बोंडअळी हळूहळू पुरून उरली, आणि हंगाम लांबला की त्या अळीला वर्षभर खाद्य मिळते असे दिसून आल्यावर शास्त्रज्ञ फरदड घेऊच नका असे सांगू लागले; २०१७ साली या अळीने विदर्भातील कापसाचे केलेले नुकसान सर्वांना ठाऊक आहे. फरदडीविषयी काकाजींचे ज्ञान त्यांच्या काळी बरोबर होते, आणि नेमके म्हणूनच ते बदलणे कठीण होते, कारण जी गोष्ट कधी खरी ठरलीच नाही तिच्यापेक्षा जी एकदा खरी ठरली तिला सोडणे माणसाला जास्त जड जाते. अर्थात बीटीचे पुडे, म्हणजे बियाण्याची पाकिटे, आणताना आता अळीची चिंता कायमची मिटली असे सांगणारे पोट्टेही बीटीच्या सुरुवातीच्या वर्षांत ओट्यावर उपस्थित होते, आणि त्यांनी चार पावसाळे कमी पाहिलेले असूनही आत्मविश्वासात ते काकाजींच्या तसूभरही मागे नव्हते.

येथे खरा प्रश्न उपस्थित होतो तो असा की हवामानाचा अंदाज मोबाईलवर मिळत असताना आणि काकाजींचा सल्ला दोन्ही बाजूंनी धार असलेला आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असताना, पोट्टे त्यांच्याकडे जातात कशासाठी? त्याचे उत्तर काकाजींच्या शहाणपणात सापडत नाही, विचारणाऱ्याच्या गरजेत सापडते. पेरले आणि उगवले तर तो शेतकऱ्याचा हुशारपणा असतो. पेरले आणि करपले तर “काकाजीनं सांगतलं म्हनून पेरलं” असे बायकोला, बापाला आणि सोसायटीच्या सचिवाला सांगता येते. पीक विम्यात आधी नुकसान ठरावे लागते, तर या विम्यात एका चहाच्या हप्त्यावर दोषाची पूर्ण भरपाई जागच्या जागी मिळते. काकाजींनाही हा व्यवहार परवडतो, कारण त्यांना मान रोज मिळतो आणि दोष वर्षातून एकदाच, तोही पाठीमागे. थोडक्यात, काकाजींना काकाजी करण्यात वयाचा वाटा थोडा आणि जबाबदारी दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवू पाहणाऱ्या तरुणांचा वाटा मोठा आहे. आणि हेच तरुण पंचेचाळिशीच्या सुमारास “आमच्या टायमाले” या शब्दांनी वाक्याची सुरुवात करू लागतात, तेव्हा त्यांची उमेदवारी पूर्ण झाली असे समजावे.

याच ओट्याच्या टोकाशी क्वचित आणखी एक वृद्ध बसलेले असतात, ज्यांना पेरणीविषयी विचारले असता ते “मले नाई मालूम, बावा, अर्ध पेर, अर्ध ठेव, अन् पाहू कसं होते तं” असे म्हणतात, आणि गेल्या खेपेस आपला अंदाज कसा चुकला हेही न विचारता सांगून टाकतात. बर्लिनच्या पाचही निकषांवर त्यांना उत्तम गुण मिळाले असते. परंतु ज्याने आपल्याला ठाऊक नाही हे आधीच कबूल केले त्याच्या माथी नंतर खापर फोडता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही. वयाबरोबर शहाणपण येते काय, या प्रश्नाबाबत एवढेच निश्चितपणे नोंदवता येते की ते काहींना येते. मात्र ते आल्याचा सुगावा आळीला लागण्यापूर्वी शेजारी काकाजींचा तिसरा सल्ला सुरू झालेला असतो.