पाणी बरोबर नाही

भाऊंना हातात मासळी घेऊन घरी येताना मी कधी पाहिलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. दर रविवारी साडेनवाच्या सुमाराला ते मच्छीमार्केटातून बांगडे घेऊन येतात. पिशवी अंगाच्या पलीकडच्या बाजूला धरलेली असते, आणि चालण्यात चोरून दारू आणणाऱ्याची लगबग असते. कारण त्याच दिवशी पहाटे पाच वाजता हेच भाऊ खांद्यावर दोन रॉड, पाठीला सॅक, डोक्याला कपाळदिवा आणि हातात जिवंत कोळंबीची बादली घेऊन गोवळकोटच्या धक्क्याकडे गेलेले आख्ख्या आळीने पाहिलेले असतात. दूधवाल्याने तर ‘काय भाऊ, आज तांबोशी?’ असं विचारलेलंही असतं.

‘काय लागलं?’ असं मी विचारत नाही. शेजारधर्म आहे. मी विचारतो, ‘पाणी कसं होतं?’ मग भाऊ पिशवी खाली ठेवतात आणि बांगड्यांचा बर्फ वितळेपर्यंत बोलतात.

खाडीकाठच्या प्रत्येक गावात असा एक भाऊ असतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी एस.टी.तून. आमचे भाऊ वीज मंडळातून झाले. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी गरवायला जायचे, आता गरवण्यातून सुट्टी मिळाली तर घरी येतात. पूर्वी त्यांच्याकडे कळकाची काठी, तंगुसाची गुंडी, शिशाचा एक तुकडा आणि दोन-चार गऱ्या एवढाच संसार होता. गांडुळं मोरीच्या पाण्यावरच्या केळीच्या बुंध्याशी फुकट मिळायची. निवृत्तीचे पैसे आले आणि काठीचा रॉड झाला, गुंडीचं रील झालं, तंगुसाची ब्रेड लाइन झाली. हल्ली गांडुळांच्या जागी ल्यूर आहेत, म्हणजे प्लास्टिकचे मासे. त्यातला एक हुबेहूब बोयटासारखा दिसतो. त्याच्या किमतीत महिनाभर खरी बोयटं खाता आली असती, असं वहिनी म्हणतात. भाऊ म्हणतात, ‘खरं बोयट एकदाच खाता येतं. हा कितीदाही वापरता येतो.’ हे मात्र खरं आहे. त्याला अजून कुणी तोंड लावलेलं नाही.

पण भाऊंची खरी मालमत्ता सॅकमध्ये नाही, ती डोक्यात आहे. मासा कधी, कुठे आणि का लागेल याचं एवढं ज्ञान या एका डोक्यात आहे की मासा न लागणं ही निसर्गाचीच चूक वाटावी.

आता भरतीचंच घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा आणि वर उधाण. इथे आपलं ज्ञान संपतं आणि भाऊंचं सुरू होतं. कारण हा हिशेब समुद्राचा, आणि भाऊ बसतात वाशिष्ठीच्या खाडीत, दाभोळच्या तोंडापासून कितीतरी वळणं आत. तिकडे पूर्ण झालेली भरती गोवळकोटला पोचायला वेळ लागतो. किती लागतो, यावर धक्क्यावरच्या कुठल्याही दोन माणसांचं एकमत नाही. भाऊ एकटेच असले तरी नसतं. ‘वारा समोरून असेल तर भरती रेंगाळते,’ ते सांगतात, ‘आणि वरून नदीला पाणी असेल तर अडते.’ म्हणजे भाऊ ज्या वेळी पोचतात ती वेळ नेहमी थोडी आधीची तरी असते नाहीतर थोडी नंतरची.

वरच्या पाण्याची गोष्ट तर और आहे. सह्याद्रीपलीकडच्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज तयार करतं आणि कोळकेवाडीवरून अवजल म्हणून वाशिष्ठीत येतं. कोयना खरी कृष्णेला मिळणारी, तिने बंगालच्या उपसागराला जायचं. पण तिचं बरंचसं पाणी असं आमच्या अंगणातून अरबी समुद्राला लागतं. विजेची मागणी वाढली की पाणी वाढतं, घटली की घटतं. वीज मंडळात जन्म काढलेल्या माणसाच्या हाती हे केवढं घबाड! ‘काल काही लागलं नाही?’ ‘कसं लागेल? मुंबईत उकडत होतं. सगळ्यांनी एसी लावले, मशिनं चालली, पाणी चढलं, थंड झालं. मासा तळाला बसला.’ ‘आणि आज?’ ‘आज रविवार. कारखाने बंद, लोड नाही, पाणी पडलं.’ मुंबईतल्या कुणा सद्गृहस्थाने एसीचा आकडा एकाने खाली आणला की चिपळुणात भाऊंच्या हातची तांबोशी जाते. एवढी दूरवरची नाती पंचांगातसुद्धा जुळत नाहीत.

गंमत अशी की यातलं निम्म्याहून अधिक खरं आहे. पाण्याचा खारेपणा, रंग, वेग, ऊब यांवर मासा फिरतो, यात काही खोटं नाही. भरती वळण्याच्या आधी-नंतरचं वाहतं पाणी बरं आणि थांबलेलं वाईट, हे कुठलाही जुना भोई सांगेल. भाऊंची अडचण एवढीच की त्यांना सगळंच माहीत आहे. सगळं माहीत असणाऱ्याला सगळं जमून आलेला दिवस मिळत नाही.

त्यांचं वर्ष आपल्यासारखं चैत्रात सुरू होत नाही. ते मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला सुरू होतं, चढणीच्या माशांपासून. पहिला पाऊस पडून ओहोळ वाहू लागले की नदीतला मासा अंडी घालायला उलटा वर चढतो, पार भातखाचरांपर्यंत. गावची पोरं-बाया रात्री बॅटऱ्या घेऊन निघतात आणि सापळ्यात, टोपलीत, प्रसंगी उलट्या छत्रीत मासे भरतात. भाऊ तिथे जातात ते फक्त बांधावर उभं राहून नाराज व्हायला. ‘अंड्यावरची मासळी धरताय! पुढच्या वर्षी काय खाल?’ बोलणं शंभर टक्के रास्त आहे. फक्त बांधावरचा कुणीतरी त्यांना ‘घ्या भाऊ, चार घेऊन जा’ म्हणतो, तेव्हा ‘नको’ म्हणायला त्यांना जरा जास्तच वेळ लागतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. हे दोन महिने भाऊंच्या मते सरकारने खास त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. ट्रॉलर नांगरलेले, जाळी वाळत पडलेली, ‘आता मासा जाईल कुठे? माझ्याकडेच.’ पण नेमकं तेव्हाच नदीचं पाणी चहासारखं होतं, वरून ओंडके येतात, आणि ल्यूर टाकला की नारळाची झावळी लागते. मग येते नारळी पौर्णिमा. कोळी समुद्राला नारळ देतात, होड्या सुटतात. भाऊ म्हणतात, ‘झालं, आता हे उपसणार.’ भाद्रपदात पाणी अजून गोडं. दसऱ्याला निवळू लागतं, पण ऑक्टोबरचं ऊन. कार्तिक-मार्गशीर्षात पहाटेचा मतलई वारा सुटतो, समुद्र तव्यासारखा होतो, खरा हंगाम तो. पण तेव्हा भाऊ खाडी सोडून हेदवीच्या कातळावर जातात, कारण एवढा चांगला समुद्र खाडीत बसून वाया कसा घालवायचा? तिथे बामणघळीजवळ एकदा भरतीच्या लाटेने त्यांचा डबा, एक चप्पल आणि एक ल्यूर नेला. चप्पल परत आली. माघ-फाल्गुनात पाणी इतकं निवळतं की माशाला तंगूस दिसतो, चैत्र-वैशाखात इतकं तापतं की मासाच दिसत नाही, आणि मग पुन्हा मृग.

या सगळ्याची नोंद भाऊंच्या वहीत होती. तिथी, वारा, पाण्याचा रंग, आमिष, आणि शेवटच्या रकान्यात ‘—’. वीस-बावीस वर्षांच्या वह्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा भाऊंच्या तळमजल्यावर छताला हात लागेल एवढं पाणी होतं. फ्रिज गेला, गहू-तांदूळ गेले, लग्नातला शालू गेला. भाऊ चिखलातून वह्या शोधत होते. सापडल्या, त्यांनी एकेक पान सुटं करून कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लावलं. शाई सगळी पसरली होती. आठवडाभर ती निळसर कोरी पानं गच्चीत फडफडत होती, आणि त्या वेळी गल्लीत कुणी त्यांची थट्टा केली नाही. मीही नाही.

मग नदीतला गाळ काढायला यंत्रं आली. भाऊ सावरले. ‘डोह बदलले,’ ते म्हणाले, ‘तीस वर्षांचे पत्ते गेले. आता माशालाच घर सापडत नाही, मला कुठून सापडणार?’ नवी वही सुरू झाली.

एकदाच माझ्या आग्रहावरून ते गरी न घेता बाहेर पडले होते. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथले महसीर देवाचे. त्यांना कुणी धरत नाही, लोक कुरमुरे टाकतात. भाऊंनी मूठभर टाकले तसे हातहात लांबीचे मासे एकमेकांच्या अंगावर चढून वर आले, आ वासून. भाऊ कितीतरी वेळ बघत राहिले. भर दुपार, थांबलेलं पाणी, कुरमुऱ्याचं आमिष. परतीच्या वाटेवर महाडपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तिथे चहा पिताना म्हणाले, ‘शिस्त नाही त्यांना.’

आणि आता तो मासा. हो, एक लागला होता.

श्रावणात भाऊ मासे खात नाहीत आणि गरवतही नाहीत, फक्त ‘हात ढिला पडू नये म्हणून’ फेकतात. गोकुळाष्टमीची दुपार होती. अष्टमी म्हणजे भर भांग, पाण्यात जोर नाही. त्यातून ओहोटीची वेळ, वर लख्ख ऊन. म्हणजे भाऊंच्या शास्त्राप्रमाणे मासा लागणं अशक्य. नवा ल्यूर पाण्यात कसा पोहतो एवढंच बघायला ते गेले होते. तिसऱ्या फेकीला रॉड वाकला. तांबोशी! किती मोठी, हे सांगणं अवघड आहे, कारण त्या दिवशी ती दोन किलोची होती आणि पुढे चंद्रकोरीसारखी वाढत गेली. फक्त चंद्र कधीतरी घटतो.

फोन घरी चार्जिंगला होता. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. भाऊ मासा घेऊन धावत घरी आले तर पडवीत वहिनी पाळणा सजवत होत्या. ‘आज? घरात? उंबऱ्याच्या आत आणलात तर बघा!’ तांबोशी विहिरीपाशी केळीच्या पानावर राहिली. भाऊंचा उपास, आळीत सगळ्यांचा श्रावण. शेवटी गोवळकोटच्या त्यांच्या एका मुसलमान दोस्ताकडे ती रवाना झाली. जगात या माशाचा साक्षीदार म्हणजे तो एक. आम्ही त्याला वजन विचारलं. ‘मस्त होती,’ तो म्हणाला, ‘काटे कमी.’

आनंदाने भाऊंना झोप लागली नसेल, असं मला वाटलं. झोप लागली नव्हती, पण कारण वेगळं होतं. रात्री अकरा वाजता, कृष्णजन्माच्या तासभर आधी, ते पंचांग घेऊन माझ्याकडे आले. चेहरा ओढलेला. ‘लागायलाच नको होता हो,’ ते म्हणाले. मग बोट एका ओळीवर टेकवलं. अष्टमी सकाळी साडेअकरालाच संपत होती. ‘म्हणजे मी फेकलं तेव्हा नवमी होती!’ नवमीला भांग आणखीच मरगळलेला असतो, हे मी सुचवणार होतो. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की राहिलंच. वहीत शेवटच्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा ‘१’ पडला, आणि शेजारी ‘श्रावण वद्य नवमी, दुपार, उत्तम’.

यंदा त्याच तिथीला ते मला ओढून घेऊन गेले. अकरापासून आम्ही धक्क्यावर. श्रावणातलं ऊन बाकी महिन्यांपेक्षा जास्त चावतं, का ते भाऊंना माहीत आहे. पलीकडच्या चिखलावर एक मगर जबडा उघडून पडली होती. वाशिष्ठीला मगरींचं नवल नाही.

‘बघा,’ भाऊ हळूच म्हणाले, ‘तीही थांबलीय. म्हणजे मासा आहे.’

तास गेला. दोन तास गेले. भाऊंनी तीन ल्यूर बदलले. मगरीने काही बदललं नाही. मग पावणेतीनच्या सुमाराला तिने जबडा मिटला, अंग घसरवत पाण्यात सोडलं आणि दाभोळच्या दिशेने निघून गेली.

भाऊ रील गुंडाळू लागले. ‘चला,’ ते म्हणाले, ‘तिलासुद्धा कळलं.’