खसखस पिकली

अनारसा तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची. ती कधी उलटवायची नसते, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक असतं. तीच खसखस पोटातून बाटलीत उतरली की काय करते, हे प्रयोगशाळेला ठाऊक असतं. आजी निदान सुनेला सांगते तरी.

टेक्सासमधल्या एका बाईंनी खसखशीचे मफिन खाल्ले. नोकरी ठरलेली होती. लघवी तपासली, अफूचा अंश सापडला, नोकरी हुकली. चाचणी चुकली नव्हतीच. अफू आणि खसखस एकाच बोंडातल्या, त्यामुळे बियांना लागलेल्या चिकातलं मॉर्फिन लघवीत उतरतं. मग ‘बाई, मफिन खाल्लं होतंत का?’ एवढं विचारायचं, बजावायचं कुणी? प्रयोगशाळेवर तसं बंधन नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. पुढे 1998 मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या चाचण्यांची मर्यादा 300 नॅनोग्रॅमवरून थेट 2000 वर नेली. कारण खसखसच! म्हणजे खसखस सुटली. बहुतेक खासगी मालकांना मात्र हा आकडा बंधनकारक नाही, तेव्हा न्यू जर्सीच्या दिवाळीत मुलाखतीच्या आठवड्यापुरते अनारसे साखरेवर थापलेले बरे.

आता बाटली देणाऱ्याची बडदास्त पाहा. सरकारी नियमांनी चाचणी होते तिथे संडासातलं पाणी निळं करून ठेवतात, न जाणो गडी तेच बाटलीत भरायचा. नळ बंद. खिसे रिकामे. बाटली हाती आली की 4 मिनिटांच्या आत तापमान मोजायचं, 32 ते 38 अंश सेल्सिअस. थंड निघाली तर चोरीचा माल! झाकणावरच्या पट्टीवर सही त्याची. लघवी त्याची, सही त्याची, जाणार ती नोकरीही त्याची. पण पैसे मालकाने मोजले, म्हणून गिऱ्हाईक मालक! ज्याच्या पोटावर पाय येतो तो नुसता ‘नमुना’. आणि नमुना घेणाऱ्याचं तापमान कोण मोजतं? त्याच्या झाकणावर पट्टी कुणी चिकटवायची? गल्लीतल्या वाण्याने मापात पाप केलं तर त्याच्या तराजूवर निदान शिक्का शोधता येतो.

न्यूयॉर्कमधल्या प्रोबेशनवरच्या एका इसमाची तक्रार नेमकी मापाचीच होती. लाळेतल्या गांजासाठी किट बनवणाऱ्याने 3 नॅनोग्रॅमची रेघ सुचवली होती, प्रयोगशाळेने ती 1 वर ओढली, आणि हा गडी तीत अडकला. पठ्ठ्याने लाळ दिली त्याच दिवशी पदरमोड करून रक्त तपासून घेतलं. ते स्वच्छ! प्रयोगशाळा त्यालाही बांधील आहे, दावा चालवा, असं तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं. एवढं साधं वाक्य, पण ते वदवून घ्यायला माणसाला आधी शहाणपणाने स्वतःचं रक्त काढून ठेवावं लागलं.

आपल्याकडे हा व्याप नाही. कित्येक रिपोर्टांच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेलंच असतं, ‘कोर्टकचेरीच्या कामासाठी ग्राह्य नाही.’ नोकरीवरून काढायला ग्राह्य आहे की नाही, ते छापायला जागा उरली नसावी. वर लोगो बराच मोठा असतो.