टेस्ट कायम हिरवी राहण्यासाठी: नवशिक्यांना मार्गदर्शन

असिंक्रोनस कोडची टेस्ट लिहायला बसलात? मग सर्वांत आधी अवेट लिहायला विसरा. जावास्क्रिप्टमध्ये हे सहज जमतं. प्रॉमिस अजून अधांतरीच असतं, टेस्टचं फंक्शन केव्हाच संपतं आणि रनर हिरवी खूण देऊन मोकळा होतो. जावावाल्यांनीही नाउमेद होऊ नये. असर्शन नव्या थ्रेडमध्ये टाकावं. ते फसलं तरी एक्सेप्शन त्या थ्रेडबरोबरच संपतं आणि जेयुनिटला पत्ता लागत नाही.

थांबणं भागच असेल तर स्लीप, 500 मिलिसेकंद. 500च का, असं विचारू नये. आपल्या लॅपटॉपवर चाललं ना? सर्व्हरवर टेस्ट पडली की 2000 करावं. काम झाल्याचा इशारा मिळेपर्यंतच थांबणारा लॅच किंवा टेस्टच्या हातातलं खोटं घड्याळ हे लाड हौशी लोकांचे.

आता सामायिक काउंटर. काउंट++ ही एकच ओळ दिसते, म्हणजे कामही एकच, असं धरून चालावं. खरं तर त्यात वाचणं, वाढवणं, परत लिहिणं अशा तीन पायऱ्या असतात. दोन थ्रेडनी एकाच वेळी 7 वाचला तर दोघंही 8 लिहितात आणि एक वाढ गडप होते. म्हणून टेस्टमध्ये दोनच थ्रेड घ्यावेत आणि दोघांना एकेकदाच वाढवू द्यावं. दुसरा जागा होईपर्यंत पहिल्याचं आटोपलेलं असतं. शंभर थ्रेड एका लॅचवर अडवून एकदम सोडणाऱ्यांच्या नादी लागू नये. गो भाषेतल्या रेस डिटेक्टरच्या तर वाटेलाही जाऊ नये. तो फायलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक सांगतो.

फारच खाज असेल तर मधे प्रिंटलाइन घालावी. जावात ती आतून लॉक घेते, थ्रेडच्या वेळा सरकतात, बग दिसेनासा होतो. दिसेनासा झाला म्हणजे सुटला! ती ओळ मात्र काढू नये.

एवढं करूनही टेस्ट कधीमधी पडलीच, तर पुन्हा चालवावी आणि हार्डवेअरवर ढकलावं. याला मोठ्यांचा आधार आहे. मार्स पाथफाइंडरचा संगणक उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत आपोआप रीसेट झाला होता. पुन्हा घडवता येईना, म्हणून ते हार्डवेअरच्या नावावर खपलं. जुलै 1997 मध्ये यान मंगळावर उतरलं आणि तिथे रीसेट पुन्हा सुरू झाले. कमी प्राधान्याच्या टास्कने म्युटेक्स धरून ठेवल्यामुळे महत्त्वाचा टास्क अडकत होता. दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवावी लागली.