अर्ज कंपनीचा, आयुष्य तुमचं

हिंजवडीतून न्यू जर्सीत बदलून गेलेला बडा व्यवस्थापक शे-दोनशे माणसांच्या नोकऱ्यांचा फैसला करतो. त्याच्या स्वतःच्या ग्रीन कार्डाचा फैसला मात्र कंपनी करते. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी असलेल्या अमेरिकेच्या ‘ईबी-१सी’ वर्गात आय-१४० हा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज कंपनीच भरते. हा माणूस कागदोपत्री फक्त लाभार्थी.

अर्ज भरायची सक्ती कंपनीवर नाही. कंपनीअंतर्गत बदलीवर मिळणारा एल-१ए व्हिसा मात्र सात वर्षांत संपतो. ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकत दिवस जातात, मुलं तिकडच्या शाळेत रुळतात आणि वरिष्ठांपुढे ‘नाही’ म्हणायची हिंमत आटते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस. त्यात खरी मेख पुढेच आहे: या वर्गासाठी परदेशातलं किमान एक वर्षाचं काम त्याच कंपनीसमूहातलं लागतं. म्हणजे नवी कंपनी कितीही उत्सुक असली, तरी तिला त्याच्यासाठी ‘ईबी-१सी’ भरता येत नाही. पगार कितीही गलेलठ्ठ असो, मी याला ओलीस ठेवणंच म्हणतो.

१९९०च्या कायद्यानं दुसरी वाटही ठेवली आहे. असाधारण गुणवत्तेच्या ‘ईबी-१ए’ वर्गात माणूस स्वतःच अर्ज करतो, नोकरीचा देकारही लागत नाही. दहापैकी किमान तीन निकष दाखवायचे, मग अधिकारी सगळा पुरावा एकत्र तोलतो. नामांकित संस्थेतली कळीची भूमिका आणि क्षेत्रात उठून दिसणारा पगार, हे दोन निकष बड्या व्यवस्थापकाला जमू शकतात. तिसऱ्यापाशी गाडी अडते, आणि पुरस्कार हाही एक निकष असल्यामुळे तिथंच पुरस्कार विकणारे दलाल गाठतात. त्यांच्या नादी लागणाऱ्यांची मला चीड येते. त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जही संशयाने वाचला जातो. शिवाय स्वतः अर्ज केला म्हणून भारतीयांची रांग चुकत नाही. ग्रीन कार्डांवरची देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा दोन्ही वाटांवर सारखीच.

अमेरिकी काँग्रेसने एवढं करावं: मंजूर झालेला आय-१४० त्या माणसाच्या मालकीचा करावा, तो घेऊन त्याला दुसरीकडे जाता यावं. तोवर, परदेशी बदलीच्या पत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: कंपनी अर्ज कधी भरणार ती तारीख, आणि मंजुरीपत्राची प्रत तुमच्या हाती देण्याची हमी.