‘आणि’चे पैसे

(सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी. गादी पिवळी, भिंती पिवळ्या, कॅलेंडरवरची लक्ष्मीसुद्धा पिवळी. मुलानं पाव किलोच्या पुड्या घरपोच विकायचं नवं दुकान मोबाईलवर काढून दिलंय आणि स्वतः बंगळूरला नोकरीला गेलाय. त्या दुकानासाठी ‘लिहिणारं माणूस’ हवंय. मोबाईल पोत्याला टेकवलेला. पडद्यावर लेखिका. कोपऱ्यात दिवाणजी, नेहमीप्रमाणे काही ऐकत नसल्यासारखे.)

हळदवाले : ताई, तुमच्या मागं नुसतं आभाळ दिसतंय. ऑफिस कुठाय?

लेखिका : हेच ऑफिस, शेठ. घरात रेंज नाही म्हणून सड्यावर येऊन बसते.

हळदवाले : राजापूर तालुका ना? मग तुम्ही घरच्याच. आम्ही विकतो ती हळद राजापुरीच.

लेखिका : नाव आमचं, माल तुमचा. आमच्याकडे परसात चार रोपं असतात, पातोळ्यांना पानं मिळण्यापुरती. राजापुरात प्रसिद्ध ती गंगा. तीसुद्धा तिच्या मनात आलं तर येते. कधी तीन वर्षांनी, कधी वर्षाच्या आतच.

हळदवाले : लेखांचंही तसंच असेल तर आत्ताच सांगा.

लेखिका : नाही हो. लेख मंगळवारी म्हटलं की मंगळवारी.

हळदवाले : मागचा पण असंच म्हणायचा. बरं, तुम्ही बसताय ती जागा तरी धड आहे का? खुर्ची-टेबल?

लेखिका : कातळ आहे. पलीकडे कातळात कोरलेली चित्रं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. बारसूला, देवाचे गोठण्याला अशी खूप आहेत.

हळदवाले : कुणी कोरली?

लेखिका : नाव नाही ठेवलं त्यांनी.

हळदवाले : बिलाचा कागद ठेवला असता तर नाव कळलं असतं. असो. मुद्द्याचं बोलतो. माझ्या पेढीवर तोलार असो, हमाल असो, माणूस माझ्या डोळ्यांसमोर असतो. तुम्ही दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. काम करताय हे मला दिसणार कसं?

लेखिका : लेख आला की दिसेल.

हळदवाले : त्याच्या आधी? एक करा. सकाळी दहा ते सहा हा व्हिडिओ चालू ठेवा.

लेखिका : ठेवीन. पण तुम्हाला दिसेल काय, तर एक बाई तीन तास काजूच्या झाडाकडे बघत बसलीय.

हळदवाले : आणि त्याचे पैसे मी देऊ?

लेखिका : लिहिण्यातला मोठा भाग तोच असतो.

हळदवाले : (आवाज खाली आणून) आमचे दिवाणजी पण दिवसभर तेच करतात. पण ते पगारावर आहेत.

(दिवाणजी पान उलटतात.)

हळदवाले : बोला मॅडम, भाव काय?

(सांगलीत ‘ताई’चं ‘मॅडम’ झालं की घासाघीस सुरू झाली असं समजावं.)

लेखिका : शब्दाला अडीच रुपये.

हळदवाले : कुठल्या शब्दाला?

लेखिका : प्रत्येक शब्दाला.

हळदवाले : ‘आणि’ला पण? ‘आहे’ला पण? अहो, हळदीत हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. तिन्हीचे भाव वेगळे. हे तुमचं ‘आणि’, ‘आहे’, ‘परंतु’, ही सगळी कणी. कणीला हळकुंडाचा भाव देणारा व्यापारी अख्ख्या यार्डात दाखवा.

लेखिका : मग तुम्ही कणी काढून एक वाक्य बोलून बघा.

हळदवाले : (छाती पुढे काढून) मी सांगली व्यापारी. हळद चोख. भाव वाजवी. मागणी करा.

लेखिका : ही तार झाली, शेठ. तार खातं २०१३ साली बंद झालं.

हळदवाले : मला तरी वाईट वाटलं नाय. दोन रुपये करा.

लेखिका : शेठ, खरं सांगू? शब्दावर भाव लावू नका. मीच सांगते. पाच क्विंटल ओली हळद उकडून, वाळवून, पॉलिश करून किती उरते?

हळदवाले : एक क्विंटल. पावसानं घोळ घातला तर त्याहून कमी.

लेखिका : आणि ओल्या हळदीला सुक्याचा भाव दिला, तर शेतकरी वाळवेल कशाला? तुम्ही शब्द मोजलेत की मी ओलीच पाठवणार. ‘हळद ही आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरातील अत्यंत महत्त्वाची अशी गोष्ट आहे असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.’ सोळा शब्द आणि मजकूर शून्य. चाळीस रुपये झाले.

हळदवाले : (दचकून) हे वाक्य माझ्याकडं आहे! मागच्यानं दिलंय!

लेखिका : तो काय दरानं लिहायचा?

हळदवाले : पंचवीस पैसे. मला वाटलं सौदा मारला. लेख आला, मुलानं लावला. आठ दिवसांत ईरोडच्या एका व्यापाऱ्याचा फोन. म्हणाला, हा माझा लेख आहे. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, सगळीकडं ‘ईरोड’ काढून ‘सांगली’ घातलंय, पण सातव्या ओळीत राहिलंय. बघतो तर खरंच. ‘आमच्या ईरोडच्या मातीचा सुगंध.’ सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळाला, आणि माझ्याच दुकानात ईरोडच्या मातीचा सुगंध! त्या गड्याला फोन लावला, तर लागेना. अजून लागत नाय. आगाऊ पैसे घेऊन गेलाय.

लेखिका : म्हणून तुम्ही मला कॅमेरा लावा म्हणताय.

हळदवाले : म्हणून नाय. थोडंसं म्हणून. माझा भाचा तर म्हणतोय माणूसच नको, कॉम्प्युटर फुकट लिहून देतो. हे बघा, त्यानं काढून दिलंय. (चष्मा लावून वाचतात) ‘आजच्या धावपळीच्या जगात हळद हा केवळ एक मसाला नसून तो एक सुवर्णमयी वारसा आहे. सांगलीच्या निळ्याशार समुद्रकिनाऱ्यावर...’

लेखिका : सांगलीला समुद्र कधी आला?

हळदवाले : २०१९ला आल्यासारखा वाटला होता. पण ती कृष्णा होती.

लेखिका : भाषा कशी वाटली तुम्हाला?

हळदवाले : पिवळीधमक! पण लेड क्रोमेट मारलेली हळदही पिवळीधमकच दिसते. आम्ही रंगावर जात नाय. हळकुंड मोडून आत बघतो, वास घेतो. हे मोडलं की आत काहीच नाय. वाचल्यावर बोटाला रंग लागला पाहिजे का नको?

(हे वाक्य लेखिका टिपून घेते. पुढच्या गिऱ्हाइकाला ती ते स्वतःचं म्हणून ऐकवणार, असा आमचा संशय आहे.)

हळदवाले : तर लेखाचा भाव सांगा, एकगठ्ठा. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, ह्या काचेतनं काय दाबणार!

लेखिका : तीन हजार. आधी तुमच्याशी बोलणार, मग लिहिणार, तुम्ही दोनदा दुरुस्त्या सांगायच्या. निम्मे आगाऊ.

हळदवाले : आगाऊ?

लेखिका : शेतकऱ्याला उचल देता ना?

हळदवाले : त्याचं शेत मला माहिती असतं. तुमचा सडा कुणी बघितलाय?

लेखिका : तुम्हीच. गेली पंधरा मिनिटं बघताय.

हळदवाले : (दिवाणजींकडे पाहून) बरं. पण मी सांगीन ते लिहायचं. घ्या लिहून. आमच्या हळदीनं मधुमेह बरा होतो, कर्करोग पळतो, सांधे...

लेखिका : नाही लिहिणार.

हळदवाले : तीन हजारात एवढं पण नाय?

लेखिका : तीस हजारात पण नाही. १९५४चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. कुठल्या रोगांवर उपाय म्हणून जाहिरात करायची नाही, त्याची यादीच दिलीय. मधुमेह आणि कर्करोग दोन्ही त्यात आहेत.

हळदवाले : आमची आजी जखमेवर हळद दाबायची. तिला नाय धरलं कुणी.

लेखिका : आजी जाहिरात करत नव्हती.

हळदवाले : अहो, अमेरिकेनं मान्य केलंय! तुम्हाला ठावं नाय का? मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली पेटंट दिलं होतं, हळदीनं जखम भरते म्हणून. आपल्या हळदीचं पेटंट! मग आपले माशेलकर उठले, गोव्यातल्या माशेलचे. सीएसआयआरचे प्रमुख होते तेव्हा. लढले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करून घेतलं. अख्ख्या यार्डाला आनंद झालता.

लेखिका : कशावर जिंकले? आजीच्या साक्षीवर?

हळदवाले : आजीला कोण विचारतंय तिथं! कागद मागितले त्यांनी. छापील. मग संस्कृत ग्रंथातले उतारे दिले, १९५३ साली आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मासिकात आलेला एक निबंध दिला...

लेखिका : त्या निबंधवाल्याला शब्दाला काय दिलं असेल हो?

(हळदवाले सुपारी शोधतात. सुपारी समोरच आहे.)

हळदवाले : तीन हजार कबूल. पण घासलात मला.

लेखिका : आता मला सांगा, तुमची पाव किलोची पुडी कोण घेतं?

हळदवाले : पुण्या-मुंबईची माणसं. दुबईची चार घरं.

लेखिका : पहिल्यांदा कोण घेतं ते नाही विचारलं. दुसऱ्यांदा कोण घेतं?

हळदवाले : हे काय विचारणं झालं?

लेखिका : आणि घरात ही हळद कधीपासून?

हळदवाले : आजोबांपासून. हरिपूरला आमची पेवं होती. पेव ठाऊक आहे का? तुमच्या कातळात नाय खणता यायचं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची माती लागते त्याला. जमिनीत खोल खणायचं, तोंड एवढंसं, आत पोट मोठं. सारवून, पाला घालून हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं राहायची. कीड नाय, रंग उडणं नाय. पण उघडलं की लगेच उतरायचं नाय. आतली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं. जळत राहिला, तर उतरायचं.

लेखिका : आता आहेत ती पेवं?

हळदवाले : २००५च्या महापुरात पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर वडलांनी आमचं पेव उघडलं. हमाल कंदील घेऊन आला, तर वडील म्हणाले, राहू दे. तेलाची नासाडी.

(पडद्यावर लेखिकेची मान खाली. बोटं चाललेली.)

हळदवाले : रेंज गेली का?

लेखिका : नाही.

हळदवाले : मग बोलत का नाय? मी काय सांगत बसलो तुम्हाला! तुमचा वेळ, माझा वेळ. लेखाचं बघा. हळद पिवळी असते, गुणकारी असते, असं काहीतरी...

लेखिका : लेख झाला.

हळदवाले : कुठला?

लेखिका : ऐका. ‘सांगलीजवळ हरिपूरला जमिनीच्या पोटात हळद ठेवायचे. उघडल्यावर आधी कंदील उतरायचा, मग माणूस...’

(ती शेवटपर्यंत वाचते. पाचशे शब्द असतील. हळदवाले एकदाच मध्ये बोलतात, ‘पाला नाय, पाचट म्हणा,’ आणि लगेच म्हणतात, ‘नको, पालाच ठेवा.’)

हळदवाले : ताई, हे सगळं मीच बोललो.

लेखिका : हो.

हळदवाले : मग शब्द माझे, आणि पैसे पण माझे जाणार?

लेखिका : हळद शेतकऱ्याचीच असते, शेठ. तुम्ही फक्त पारखता, पुडीत भरता, विकता.

(दिवाणजी हसतात. गेल्या बऱ्याच वर्षांत हे पहिल्यांदाच.)

हळदवाले : बरं. कागद करू. पण लेख माझा झाला ना कायमचा?

लेखिका : तसं लिहून घेतलंत तर. मी तुमच्या पगारावर नाही, म्हणून कायद्यानं लेखाचा पहिला मालक लिहिणाराच. तुमच्या नावावर करायचा तर सही लागते. मुदत लिहिली नाही, तर पाच वर्षांनी हक्क परत माझ्याकडे. मुलूख लिहिला नाही, तर फक्त भारतापुरता.

हळदवाले : आणि दुबईची चार घरं?

लेखिका : ती राहिली बाहेर.

हळदवाले : हे तुम्ही मला का सांगताय? गप्प बसला असता तर पाच वर्षांनी पुन्हा तीन हजार घेतले असते.

लेखिका : मग तुम्हीही माझ्या नावानं फोन लावत बसला असता.

हळदवाले : दिवाणजी, घ्या लिहून. मुदत कायमची. मुलूख अख्खी दुनिया. चंद्र पण घाला, मुलगा म्हणतो तिकडं पण जायला लागलेत. आणि एक. त्यातलं ‘तेलाची नासाडी’ वडलांचं आहे. ते ना माझं, ना तुमचं. त्याचे पैसे वजा.

लेखिका : भाव लेखावर ठरला होता!

हळदवाले : देताना लेखावर. वजा करताना शब्दावर. दोन शब्द, दर अडीच.

दिवाणजी : (वहीत लिहीत, मोठ्यानं) लेख, एक नग. रुपये २,९९५. पैकी आगाऊ दीड हजार रवाना.