लिव्हरपूलकर

आडनावाला 'कर' लागायचा तर माणसाचं त्या गावात घर लागतं, जमीन लागते, गेलाबाजार एखादा कुळदेव तरी लागतो. आमच्या मित्राचं लिव्हरपूलला यातलं काहीही नाही. त्याने इंग्लंडचा व्हिसासुद्धा कधी काढलेला नाही. तरीही सदाशिव पेठेत त्याला सगळे लिव्हरपूलकर म्हणतात आणि तोही 'ओ' देतो. त्याचे मामा बोटीवर होते. १९९० च्या पावसाळ्यात ते सुट्टीवर रत्नागिरीला आले, तेव्हा भाच्यासाठी लिव्हरपूल क्लबचा लाल मफलर घेऊन आले. त्याच वर्षी लिव्हरपूलने अठराव्यांदा लीग जिंकली होती. बारा वर्षांच्या भाच्याने तो मफलर ऐन जुलैत गळ्यात गुंडाळला, आणि त्यानंतर लिव्हरपूलला पुन्हा लीग जिंकायला ३० वर्षं लागली.

घरचे याला पायगुण म्हणतात. लिव्हरपूलकर याला फर्ग्युसन म्हणतो.

मँचेस्टर युनायटेडचा कोच अलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ ते मे २०१३ अशी साडेसव्वीस वर्षं एकाच खुर्चीत, त्यात ३८ करंडक, पैकी लीगचे १३. एवढं जिंकणाऱ्या माणसावर जळणारे असायचेच. ते लंडनला आहेत, लीड्सला आहेत, खुद्द मँचेस्टरच्या दुसऱ्या अर्ध्यात आहेत. आर्सेनलवाल्यांचा राग तसा साधा आहे. २००४ साली त्यांची ४९ सामने न हरण्याची मालिका युनायटेडने मोडली, तेव्हा चिडलेल्या आर्सेनलकडून कुणीतरी फर्ग्युसनच्या अंगावर पिझ्झा फेकला. मनातलं बाहेर पडलं, विषय संपला. लिव्हरपूलकराला पिझ्झा फेकायची संधी कधी मिळाली नाही. त्यामुळे त्याचं सगळं आत साठलेलं आहे.

मी युनायटेडवाला, पण हौशी. बेकहॅमचे केस बघून झालेला. फर्ग्युसनबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं लिव्हरपूलकराने शिव्या घालताना सांगितलेलं आहे. ग्लासगोच्या गोव्हन भागात जन्म, बाप जहाजाच्या गोदीत कामाला, स्वतः कारखान्यात टूलमेकरची उमेदवारी केलेला, आणि मग ॲबरडीनसारख्या लहान क्लबला घेऊन १९८३ मध्ये युरोपातल्या फायनलला थेट रियाल माद्रिदला हरवलेला. हे सगळं तो इतक्या तपशिलाने सांगतो की नवख्या माणसाला वाटावं, हा जयंतीचं भाषण करतोय.

नशिबाची गंमत म्हणजे याचं शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात झालं. यावर त्याच्याकडे तयार उत्तर आहे. ते कॉलेज १८८५ चं, मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाचं, आणि गव्हर्नरसाहेबांच्या आडनावात इंग्रजीत एक 'एस' जास्त आहे. "त्या जादा 'एस'च्या जोरावर मी बीएस्सी झालो," असं तो सांगतो. सगळं पुणं 'एफसी रोड' म्हणतं ते तोंडाच्या सोयीसाठी. हा म्हणतो ते व्रत म्हणून.

त्याच्याकडे दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर तारीख आहे ७ जानेवारी १९९०. त्या दिवशी फर्ग्युसनची नोकरी जायच्या बेतात होती. तीन वर्षं झाली तरी हाताला काही लागलं नव्हतं, युनायटेडच्याच प्रेक्षकांनी 'आता निघा' अशा अर्थाचं फडकं मैदानात झळकवलं होतं. एफए कपात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध हरले असते तर बहुतेक गेलाच असता, पण मार्क रॉबिन्स नावाच्या पोराने गोल घातला. युनायटेडने तो सामना १-० जिंकला, पुढे तो कपही जिंकला. लिव्हरपूलकराच्या हाती टाइम मशीन दिलं तर तो पानिपतावर जाणार नाही. सदाशिवरावभाऊंची क्षमा मागून तो नॉटिंगहॅमला जाईल आणि रॉबिन्सला मागून धरून ठेवेल.

फर्ग्युसन आला तेव्हा लीगचा हिशोब लिव्हरपूल १६, युनायटेड ७ असा होता. लिव्हरपूलने तो १८ वर नेला. १९९३ मध्ये युनायटेडने २६ वर्षांनी लीग जिंकली तेव्हा लिव्हरपूलकर हसला होता. "आठ. मोजत बस," असं मला म्हणाला होता. मी मोजायला बसलो. २००९ मध्ये १८-१८ झालं, २०११ मध्ये एकोणिसावी. लिव्हरपूलला दांडीवरून खाली पाडणं हेच आपलं सगळ्यात मोठं काम होतं, असं फर्ग्युसनने २००२ मध्येच सांगून टाकलं होतं, मध्ये एक शिवी घालून. लिव्हरपूलकराला शिवीचं काही वाटत नाही. त्याला 'दांडी' लागली. "आम्ही काय पोपट होतो?"

आता घड्याळाचं प्रकरण. युनायटेड मागे असली की नव्वदाव्या मिनिटाला फर्ग्युसन च्युइंगम चघळत बाहेर यायचा आणि मनगटावर बोट आपटायचा. मग रेफ्री म्हणे वेळ वाढवायचा आणि वाढलेल्या वेळात युनायटेडचा गोल व्हायचा. १९९३ च्या एप्रिलमध्ये शेफील्ड वेन्सडेविरुद्ध स्टीव्ह ब्रूसने असाच उशिरा येऊन डोक्याने सामना फिरवला होता. त्या दिवशी खुद्द रेफ्रीच जखमी होऊन बदलावा लागला होता, वेळ त्यामुळे वाढली होती. हे मी एकदा सांगून पाहिलं. "रेफ्रीला जखमी कुणी केलं ते विचार," असं उत्तर आलं. पुढे फर्ग्युसननेच कबूल केलं की आपण घड्याळात बघतच नव्हतो, समोरच्या संघाला धडकी भरावी म्हणून नुसतं बोट दाखवायचो. ते वाचल्यावर लिव्हरपूलकर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वीस वर्षं ज्या घड्याळाला शिव्या घातल्या ते कुणी पाहतच नव्हतं.

२० सप्टेंबर २००९ ची संध्याकाळ मी विसरणार नाही. आदल्या दिवशी घट बसले होते. त्याच्या हॉलच्या एका कोपऱ्यात घट आणि अखंड दिवा, दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही, मध्ये सोफ्यावर आम्ही दोघं आणि त्याची आई. सामना युनायटेड आणि मँचेस्टर सिटीचा. लिव्हरपूलकर त्या दिवसापुरता सिटीकर झाला होता. नव्वदाव्या मिनिटाला सिटीच्या क्रेग बेलमीने गोल करून ३-३ केलं. बेलमी कधीकाळी लिव्हरपूलला खेळलेला, म्हणजे घरचाच. लिव्हरपूलकर असा उडाला की दिव्याची ज्योत हलली.

"अरे, घट बसलेत घरात!" आई म्हणाल्या.

पाटीवर चार मिनिटं वाढीव दाखवली. चार झाली. पाचवंही सरलं. मग गिग्जने पास दिला आणि मायकल ओवनने गोल घातला. हा ओवन लिव्हरपूलमध्ये वाढला, लिव्हरपूलसाठी दीडशेच्या वर गोल केले, आणि त्याच उन्हाळ्यात फर्ग्युसनने त्याला फुकटात उचलून युनायटेडचा ७ नंबरचा शर्ट दिला होता. ४-३. लिव्हरपूलकर हलला नाही. थोड्या वेळाने त्याचे ओठ हलले.

"काय म्हणालास रे?" आईंनी विचारलं.

"काही नाही आई. फर्ग्युसन म्हणालो."

तेव्हापासून त्या घरात तो शब्द रूढ झाला आहे. दूध उतू गेलं, रिक्षावाल्याने मान हलवून नकार दिला, गॅसचा नंबर लागेना, की आई "फर्ग्युसन मेला!" म्हणतात. फुटबॉलशी त्यांचा याहून संबंध नाही.

लिव्हरपूलकराची लाडकी गोष्ट मात्र राखाडी शर्टांची. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस शेजारी आला तरी तो ती सांगतो. एप्रिल १९९६, साऊदॅम्प्टन. युनायटेड नव्या राखाडी शर्टात खेळत होती आणि हाफटाइमला ३-० ने मागे. फर्ग्युसनने सगळ्यांचे शर्ट बदलायला लावले. राखाडी रंगात खेळाडू एकमेकांना दिसत नाहीत, हे कारण. शेवटी ३-१ ने हरलेच. इथे लिव्हरपूलकर "नाचता येईना" एवढंच म्हणतो आणि अंगण समोरच्याकडून वदवून घेतो. मी त्याला विचारतो, पुढे काय झालं रे त्या सीझनला? मग त्याला जिलबी वाढणारा दिसतो. पुढे युनायटेडने लीग जिंकली. आणि महिना व्हायच्या आत वेम्बलीला एफए कपची फायनल युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल अशी झाली. सामन्याआधी लिव्हरपूलचे खेळाडू दुधाळ रंगाचे सूट घालून, मुलाकडचे असल्यासारखे, मैदानात फिरून आले आणि कॅन्टोनाच्या गोलने १-० हरले. त्या सुटांत मात्र सगळे एकमेकांना स्वच्छ दिसत होते.

तरी त्याची सगळ्यात खोल जखम २००९ ची. जानेवारीत लिव्हरपूल लीगमध्ये पहिली होती आणि कोच राफा बेनितेझने पत्रकारांसमोर खिशातून कागद काढून फर्ग्युसनवरचे आरोप एकेक करून वाचले. रेफ्री त्याचे, वेळापत्रक त्याचं, शिक्षा फक्त इतरांना. आरोपांत अगदीच दम नव्हता असं मलाही म्हणता येणार नाही. पुढे लिव्हरपूलने युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ४-१ बडवलं, लीगच्या अख्ख्या सीझनमध्ये फक्त दोन सामने हरले, तरीही लीग युनायटेडने ९० विरुद्ध ८६ पॉइंटांनी नेली. "कागद निघाला तेव्हाच मी समजलो," लिव्हरपूलकर म्हणतो. "भांडणात कागद काढणारा हरतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बघ."

हे सगळं ऐकून मला पूर्वी वाटायचं की हा जिंकण्यावर जळतो. तसं असतं तर त्याने बार्सिलोनावर, रियालवर जळायला हवं होतं. तिकडे तो टाळ्या वाजवतो. खरी गोम एका रात्री कळली. दुसऱ्या पेल्यानंतर तो म्हणाला, "आमचे मोठे कोच घे. शँकली कोण? स्कॉटलंडच्या खाणीतल्या गावचा. डाल्ग्लिश कोण? ग्लासगोचा. आणि हा? ग्लासगोचा, गोदीतल्या कामगाराचा मुलगा, मजूर पक्षाचा, उद्धट, माणसं धरून ठेवणारा. बंदराच्या गावाला असा माणूस हवा की नको?" मग बराच वेळ ग्लासाकडे बघत बसला. "पन्नास किलोमीटरने चुकला रे."

म्हणजे हा राग शत्रूवरचा नव्हेच. आपल्या घरात शोभलं असतं असं स्थळ शेजारच्यांनी पटकावलं, आणि पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणातला झोपाळा आपल्याला दिसतो आहे, असला तो राग आहे.

वहीत एकच पान असं आहे की ज्यावर शेरा नाही. हिल्सबरोच्या दुर्घटनेत १९८९ मध्ये लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरून गेले. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा चौकशी अहवाल आल्यावर युनायटेड ॲनफिल्डला, लिव्हरपूलच्या मैदानावर, खेळायला गेली, तेव्हा फर्ग्युसनने आपल्या प्रेक्षकांच्या हाती पत्र दिलं होतं, गेलेल्यांचा मान राखा म्हणून. लिव्हरपूलकराने बातमीचं कात्रण चिकटवलं आहे. खाली फक्त तारीख.

मे २०१३ मध्ये म्हाताऱ्याने निवृत्ती जाहीर केली. लिव्हरपूलकराने पेढे वाटले. जून येईतो तो कसनुसा झाला. पुढच्या वर्षी युनायटेड सातवी आली तरी त्याला गोड लागेना. "त्याच्या जागी आलेल्या मॉइसला काय शिव्या घालायच्या," म्हणाला, "पाप लागेल." त्यानंतर आलेल्या प्रत्येक कोचशी त्याने भांडायचा प्रयत्न करून पाहिला, कुणाशीच जमलं नाही. २०१८ च्या मेमध्ये फर्ग्युसनच्या मेंदूत रक्तस्राव होऊन तातडीचं ऑपरेशन झालं. त्या रात्री मला तीन मेसेज आले. पहिला: कसा आहे? दुसरा: तुमच्या लोकांना काही कळलं का? तिसरा: हे तू कुणाला सांगू नकोस.

अखेर २५ जून २०२० ला, सिटी चेल्सीकडून हरली आणि लिव्हरपूलची लीग नक्की झाली. इथे मध्यरात्र उलटून गेलेली, बाहेर कोरोना, जल्लोष करायला जिन्यातसुद्धा जायची सोय नाही. लिव्हरपूलकराने मफलर बांधला आणि फोन केला मला. तीस वर्षांनंतर त्याचं पहिलं वाक्य: "त्याला कळलं असेल का रे?"

कळलं होतं. पुढच्या महिन्यात इंग्लंडच्या कोचेसच्या संघटनेने युर्गेन क्लॉपला वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरवलं, आणि फर्ग्युसनने जाहीर सांगितलं की लीग जिंकल्याचं कळवायला क्लॉपने पहाटे साडेतीनला उठवलं, तेवढं मी माफ करतो. लिव्हरपूलकर ते ऐकून मनमोकळं हसला. मग बक्षिसाचं नाव वाचलं. त्या चषकाचं नाव 'सर अलेक्स फर्ग्युसन ट्रॉफी' आहे. लिव्हरपूलच्या कोचने तो दोन्ही हातांनी उचलला होता. फोटो वहीत आहे, चषकावरच्या पाटीवर मात्र स्टिकर लावलेला आहे.

२०२५ मध्ये लिव्हरपूलने विसावी लीग जिंकली. आता हिशोब २०-२० आहे आणि लिव्हरपूलकर एकविसाव्याची वाट बघत एफसी रोडवरून रोज जातो-येतो. युनायटेड-लिव्हरपूल सामना असला की त्याच्या घरी कुणालाही मज्जाव नसतो. कांदेभजी होतात, आई चहा करतात. जायचं असेल तर खुशाल जा. फक्त तोंडातलं च्युइंगम जिन्यातच टाकून जा आणि कितीही वाजले तरी घड्याळात बघू नका.