महिनाभर मोबाइल बंद!

दहावीतलं पोरगं क्लासला म्हणून निघालं आणि मॉलमध्ये जाऊन बसलं. क्लासचा मेसेज आईच्या फोनवर: 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे.' रात्री घरात कोर्ट बसलं. निकाल जागच्या जागी: महिनाभर मोबाइल बंद!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल परत पोराच्या हातात. कारण शाळेचा प्रोजेक्ट व्हॉट्सअ‍ॅपवर, क्लासचं टाइमटेबल व्हॉट्सअ‍ॅपवर. शिवाय येताना दही घेऊन ये, हे त्याला कळवायचं कसं?

पोरगं एकदा खोटं बोललं. 'महिनाभर' हे दुसरं खोटं कोणाचं?

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो.' नव्हतं कसं? प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही वर्गात कोण झकास मारतो, हे अख्ख्या वर्गाला माहीत असायचं. तेव्हा शाळेला मेसेज पाठवता येत नव्हता, एवढेच काय ते संस्कार.

यावर काकांकडे रामबाण उपाय असतो. 'चार रट्टे द्या, सरळ होतो की नाही बघा!' शाळेतल्या छडीवर शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच बंदी घातली. घरातला पट्टा मात्र अजून सेवेत आहे.

व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या चिमुरड्यांची तुलना केली. एक शाळा मारकुटी, दुसरी बिनमाराची. त्यांचा निष्कर्ष २०११ मध्ये छापून आला: मारकुट्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली.

आणि जास्त सफाईने बोलली. पट्टा वाया जात नाही म्हणतात तो असा!

दुसऱ्या टोकाला आधुनिक बाबा. 'आम्ही बाप-लेक नाही, मित्र आहोत.' अहो, मित्र त्याला ढिगाने आहेत. मॉलमध्ये त्यातलेच चार जण सोबत होते. बाप एकच होता, तोही मित्र व्हायला निघाला.

पण पोरगं हे शिकलं कुठे? इंटरनेटवर? वाईट संगतीत?

एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, बाराच्या आत अर्धं. म्हणून कंडक्टरपुढे त्याचं वय आईने कमी केलं. इन्स्टाग्रामला तेरा पूर्ण लागतात. म्हणून तिथे त्याचं वय बाबांनी वाढवलं. एका पोराची दोन वयं, दोन्ही घरच्यांनी लावलेली.

संगत वाईटच होती म्हणायची.

मग पोरगं सोळाचं होतं आणि स्कूटरची चावी मागतं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. खाली पार्किंगमध्ये उभी आहे ती ११० सीसीची. तिला अठरा पूर्ण हवेत. बाबा चावी देतात, वर सल्लाही देतात: 'चौकात पोलीस असतो, मागच्या गल्लीने जा.'

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. चावी कोणाच्या खिशातून निघते, हे कायद्याला कळलं. सोसायटीच्या पार्किंगला अजून कळायचंय.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. जामीन देताना बाल न्याय मंडळाने त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि अख्खा महाराष्ट्र संतापला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून अटक झाली ती त्याच्या आई-वडिलांना.

निबंधाचा विषय चुकला होताच. परीक्षार्थीही चुकले की काय?

मग पोराला मोकळं सोडायचं? मुळीच नाही. शिक्षा द्या, पण झेपेल तेवढीच बोला. दोन दिवस म्हणालात तर दोन दिवस, मग दही तुम्ही आणा. क्लास बुडवला, तर बुडालेला धडा रविवारी त्याने भरून काढायचा. मित्राची सायकल मोडली, तर दुरुस्तीचे पैसे त्याच्या पॉकेटमनीतून.

आणि खरं सांगितलं तर शिक्षा कमी, हा शब्द दिलात तर पाळा. खरं सांगूनही तेवढाच मार पडणार असेल, तर खरं सांगेल कोण? पोराचं गणित कच्चं असेल, पण इतकं नाही.

फार मोठं काही जमणार नसेल, तर एक करा. पुढच्या वेळी एसटीत धाकट्याचं अर्धं तिकीट कंडक्टरने विचारायच्या आत मागून घ्या. उन्हाळी संस्कार शिबिराच्या फीपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.